पावणेनऊ इंच : मेडफर्डच्या रॉयल हाउसच्या प्रतिकृतीच्या नोंदी

४ मे

आमच्या बॉस्टनकडच्या मराठी मंडळात दिवाळीला मुलं किल्ले करतात. शिवनेरी, प्रतापगड आणि एखादा सिंधुदुर्ग ठरलेला. गेल्या वर्षी एका पालकांनी मुद्दा काढला की ज्या गावात राहतो तिथलं काहीच मुलांना ठाऊक नाही, किल्ल्यांशेजारी इथलं एक जुनं घरही ठेवू. सूचना करणारे बाजूला झाले आणि काम माझ्याकडे आलं. बरोबर बायकोचे काका आहेत. पिंपरीच्या एका फाउंड्रीत त्यांनी पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणारा, म्हणून आयुष्य घालवलं, त्यामुळे लाकूड, माप आणि तक्रार या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे पक्क्या.

घर निवडलं मेडफर्डमधलं रॉयल हाउस. बॉस्टनच्या वायव्येला, मिस्टिक नदीजवळ. आता त्याचं पूर्ण नाव रॉयल हाउस अँड स्लेव्ह क्वार्टर्स. मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रिटिश अमदानीतली घरं काही कमी नाहीत, आणि त्यांतली अनेक दिसायला याच्याइतकीच देखणी आहेत. पण मालकाचा तीनमजली वाडा आणि त्याच्या अंगणात गुलामांना ठेवलेली स्वतंत्र इमारत, अशी जोडी उत्तरेकडच्या राज्यांत जवळपास कुठे उरलेली नाही. इथे ती उभी आहे.

प्रमाण १:४८. म्हणजे पाव इंचाला एक फूट. काका म्हणाले, "फुटा-इंचाच्या देशात फुटा-इंचातच कर, मिलिमीटर काढलेस तर मी घरी चाललो." आधाराला सरकारी इमारत-नोंदणीतली जुनी छायाचित्रं आहेत. १९३३ साली मंदीत बेकार झालेल्या आर्किटेक्टांना काम मिळावं म्हणून ही नोंदणी सुरू झाली. तो सगळा ठेवा वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे आणि घरबसल्या फुकट बघता येतो.

११ मे

तळफळीचा दिवस. वाड्यापासून गुलामांची इमारत साधारण ३५ फुटांवर. आमच्या मापात पावणेनऊ इंच. ज्या वाचनालयात प्रदर्शन आहे त्यांनी दिलेलं टेबल तीन फूट बाय दोन फूट. दोन्ही इमारती, मधलं अंगण आणि पश्चिमेची बाग एवढं सगळं त्यावर बसत नाही.

काकांचा प्रस्ताव : वाडा नीट करू, शेजारच्या इमारतीचं छायाचित्र पाटीवर लावू. "लोक बघणार वाडाच." मी नाही म्हटलं. लोक वाडाच बघतात हे खरं, आणि म्हणूनच. अंतर आखडून इमारती जवळ आणण्याचाही विचार झाला. काकांनाच तो पटला नाही, चुकीच्या मापाचं काम त्यांच्या हातून होत नाही.

शेवटी बाग कापली. रॉयलांची बाग तालेवार होती, तिच्यात उंचवट्यावर एक उन्हाळी मंडप होता आणि त्याच्या शिखरावर मर्क्युरी देवाची लाकडी मूर्ती. मंडप करायला मजा आली असती. पण पावणेनऊ इंच शाबूत राहिले.

एमडीएफची फळी कापून तिच्या कडा घासून झाल्या.

१९ मे

हे घर एका झटक्यात उभं राहिलेलं नाही, म्हणून प्रतिकृतीही थरांनी करतोय. काकांनी एकात एक बसणारी खोकी काढली आहेत. आत जुनं छोटं घर, त्याच्यावर आणि मागे वाढवलेलं. छप्पर उचललं की आतलं दिसेल.

जमिनीची हकिगत थोडक्यात. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याला १६३१मध्ये मिस्टिककाठी सहाशे एकर मिळाले, त्याला टेन हिल्स फार्म म्हणत. पुढे मालक बदलत गेले. १६९०च्या दशकात जॉन अशर नावाच्या सरकारी बड्या असामीच्या काळात इथे विटांचं घर झालं, एका खोलीच्या रुंदीचं. १७३२मध्ये ते घर पाचशेवर एकरांसह आयझॅक रॉयल या माणसाने घेतलं. त्याने आणि पुढे त्याच नावाच्या त्याच्या मुलाने उंची तीन मजल्यांवर नेली आणि मागे खोल्यांची आणखी रांग जोडली. टोकाला विटांची भिंत आणि तिच्यावर जोडधुरांडी ठेवली.

काकांनी साल ऐकलं आणि लगेच म्हणाले, "बत्तीस? म्हणजे शनिवारवाड्याची वास्तुशांत." बरोबर आहे, जानेवारी १७३२. पुणेकराला कुठलंही साल सांगा, तो ते कसब्यातून मोजतो.

१ जून

पश्चिमेची दर्शनी बाजू. आजचा अख्खा दिवस हिच्यावर गेला, आणि जायलाच हवा होता.

लांबून बघितलं तर ही भिंत घडीव दगडाची वाटते. मोठे चौकोनी चिरे, मधल्या खाचा, कोपऱ्यांना उंच अर्धस्तंभ. जवळ गेलं की लाकूड. रुंद फळ्यांना खाचा पाडून चिऱ्यांचा भास केलेला. इंग्लंडमधल्या दगडी हवेल्यांची नक्कल, कारण इथे लाकूड मुबलक आणि सुतार चांगले, दगडी बांधणी मात्र महाग. अशी हौस पुष्कळांना होती. जॉर्ज वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननला हेच केलं, वर ओल्या रंगावर वाळू मारून घेतली. रस्त्याच्या बाजूची, म्हणजे पूर्वेची भिंत मात्र साध्या आडव्या फळ्यांची, कोपऱ्यांना तेवढे दगडासारखे ठोकळे. बागेतून फिरणाऱ्या पाहुण्यांसाठी खर्च जास्त केलेला दिसतो.

आमची पद्धत : एक मिलिमीटरचा बासवुड, म्हणजे मऊ लाकडाचा पातळ पत्रा (अखेर मिलिमीटर आलाच, पत्रे तसेच मिळतात), त्याच्यावर गुण्या धरून पेन्सिलीने रेघा, मग सुरीच्या पाठीने दाब देत ओढायचं. धारेने ओढलं तर तंतू तुटून उभे राहतात, पाठीने ओढलं तर ते दबतात आणि खाच गोल, गुळगुळीत येते. आडव्या रेघा सोप्या. उभ्या रेघा तंतूंच्या आड जातात, तिथे प्रत्येक वेळी आधी पाणी लावलेला ब्रश फिरवावा लागतो. काका ऐटीत दोन बोटांवर सुरी तोलतात आणि प्रत्येक ओळीनंतर पत्रा उजेडाकडे तिरपा धरून बघतात. खाच कमी खोल असली तर सावली पडत नाही, आणि सावलीशिवाय दगड दिसत नाही. पाऊणशे वर्षांच्या माणसाचा हात इतका स्थिर कसा, हे विचारलं तर म्हणाले, "फाउंड्रीत थरथरला असता तर कास्टिंग परत आलं असतं."

संध्याकाळी पहिला पूर्ण पत्रा रंगवून बघितला. काकांचा शेरा : "आपल्या वाड्याचं लाकूड जळलं, दगड राहिला. यांचा दगडच लाकडाचा." (शनिवारवाड्याची आग १८२८ची. तट आणि जोती उरली, वरचे मजले गेले.)

१४ जून

प्रत्यक्ष घर पाहून आलो. पायऱ्यांचे फोटो, खिडक्यांच्या चौकटींचे फोटो, काकांनी फूटपट्टी काढून गाइडबाईंची परवानगी मागितली आणि त्यांनी हसून दिली.

आतलं लाकूडकाम खरोखर अव्वल. जिन्याचे पिळदार कठडे, खिडक्यांखालची बैठकीची कोनाडी, शेकोट्यांभोवती निळ्यापांढऱ्या डच फरश्या. काकांनी एका कोरीव चौकटीवर हात फिरवायचा मोह महाप्रयासाने आवरला. पण मला थांबवलं ते स्वयंपाकघराच्या वरच्या खोलीने. सजावट काही नाही. जमिनीवर अंथरुणं. राबणाऱ्या बायका जिथे काम तिथेच झोपायच्या, म्हणजे "गुलाम त्या दुसऱ्या इमारतीत आणि मालक या" अशी सरळ वाटणी नव्हती. रात्री हाक मारली की ऐकू जाईल इतक्या अंतरावर माणसं ठेवलेली असत.

दुसरी इमारत दोन तुकड्यांची. विटांचा भाग जुना, लाकडी भाग नंतर जोडलेला. आत मोठी उघडी चूल. जेवण इथे रांधून अंगणातून वाड्यात न्यायचं. ते अंगण मी चालून पाहिलं. हातात काही नसताना ते अगदीच थोडं आहे. जानेवारीत, बर्फात, गरम भांडी घेऊन दिवसातून अनेकदा, हा हिशेब वेगळा.

प्रतिकृतीच्या दृष्टीने : अंगणाची फरसबंदी करायचीच. आधी नुसता हिरवा भुसा टाकायचा विचार होता.

२२ जून

आज हत्यार हातात घेतलं नाही. पाटीवरचा मजकूर लिहायला बसलो आणि अँटिग्वात अडकलो.

घराचे पैसे कुठून आले? मेडफर्डच्या शेतातून नव्हे. थोरला रॉयल न्यू इंग्लंडचाच, पण तरुणपणी वेस्ट इंडिजमधल्या अँटिग्वा बेटावर गेला आणि साडेतीन दशकं तिथे राहिला. उसाची लागवड, साखर, रम आणि माणसांची खरेदीविक्री, सगळं एकत्र. या व्यापाराचा फेरा साधा होता. न्यू इंग्लंडमधून खारवलेले मासे, लाकूड, घोडे बेटांवर जायचे, कारण तिथली सगळी जमीन उसाखाली आणि गुलामांना जगवायला अन्न बाहेरूनच आणावं लागे. परत येताना काकवी. काकवीपासून इथे रम. मेडफर्डची रम पुढे देशभर नावाजली गेली. रमची पिंपं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, तिथून माणसं पुन्हा बेटांवर.

मग थोरला परत का आला? बेटावर दुष्काळ, रोगराई, भूकंप असं एकापाठोपाठ चाललं होतं. आणि १७३६मध्ये गुलामांच्या बंडाचा कट उघडकीला आला, किंवा आला असं मालकांनी धरलं. ८८ माणसांना मारण्यात आलं, त्यांतल्या बहुतेकांना जिवंत जाळून. जाळलेल्यांत हेक्टर होता. तो रॉयलच्या मळ्यावरचा मुकादम. मालकाला त्याच्याबद्दल सरकारी नुकसानभरपाई मिळाली, कारण कायद्याच्या लेखी नुकसान मालकाचं झालं होतं.

पुढच्याच वर्षी, १७३७मध्ये, रॉयल कुटुंब बोटीने मेडफर्डला आलं. बरोबर २७ गुलाम आणले. मळे तिकडेच राहिले, उत्पन्न इकडे येत राहिलं. पश्चिमेच्या भिंतीवरचे ते लाकडी चिरे त्या उत्पन्नातून उभे आहेत. पाटीवर हे याच क्रमाने लिहायचं ठरवलं : आधी ऊस, मग घर.

इथे एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगायला हवी. गुलामगिरी म्हणजे दक्षिणेतला कापूस, उत्तरेकडचे लोक ते सोडवायला गेलेले, असं चित्र शाळेतून डोक्यात बसतं. मॅसॅच्युसेट्सने १६४१च्या कायद्यातच गुलामगिरीला जागा करून दिली होती.

५ जुलै

दमट हवा. छपराचे पत्रे वाकले. रात्रभर दोन काचांमध्ये दाबून ठेवले, वर शब्दकोशांचे खंड. काका इथल्या पिवळ्या डिंकालाही फेव्हिकॉलच म्हणतात. फेव्हिकॉल सुकायला इथे वेळ लागतो, हे खरं.

१९ जुलै

विटांची भिंत झाली. छापील कागद न वापरता कार्ड रेघून रंगवलं, जोडधुरांडीही त्याचीच. खिडक्या पारदर्शक पत्र्यावर छापून घेणार, १:४८ला लाकडी गज कापायचा हट्ट काकांनी सोडला.

थोरला रॉयल इथे फार दिवस राहिलाच नाही. १७३९च्या जूनमध्ये वारला. मृत्यूनंतर मालमत्तेची खानेसुमारी झाली, त्या काळच्या रीतीने खोलीवार. आज संग्रहालयाला कुठल्या खोलीत काय होतं ते सांगता येतं त्याचा मोठा आधार हीच यादी. पलंग, आरसे, चांदी आणि माणसं एकाच यादीत, प्रत्येकापुढे किंमत. घर जपणाऱ्यांना सामानाच्या यादीने खोल्या परत मिळवून दिल्या, आणि त्याच यादीने नावंही जपली, मालकाचा तसा काही हेतू नसताना.

रॉयलांच्या जवळजवळ चाळीस वर्षांच्या वास्तव्यात साठाहून अधिक माणसं इथे गुलाम म्हणून राहिली. या वसाहतीतलं एवढं मोठं दुसरं गुलामधारी कुटुंब नव्हतं. धाकट्या रॉयलने हौसेने जगून घेतलं. गव्हर्नरच्या मंडळात जागा, ब्रिगेडियर जनरलचा किताब, रॉबर्ट फीक आणि जॉन सिंगलटन कॉपली यांच्यासारख्या चित्रकारांकडून काढून घेतलेल्या तसबिरी. एका नव्या गावाला त्याचं नाव मिळालं, रॉयल्स्टन. राबणाऱ्यांपैकी एकाचंही चित्र नाही.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्याकडे कुणबिणी होत्या. विकत घेतलेल्या. पेशव्यांच्या दप्तरात आहेत नोंदी." आहेत. त्यावर वेगळं काम करायला हवं, ते इथे दोन ओळींत उरकण्यासारखं नाही.

३ ऑगस्ट

छप्पर चढलं. आतल्या भिंती अजून कोऱ्या आहेत.

१७७५ची हकिगत भराभर, कारण प्रदर्शनाला येणाऱ्या कुणाही अमेरिकन माणसाला ती ठाऊक असते. धाकटा रॉयल राजनिष्ठ, निदान इंग्लंडविरुद्ध उभं राहण्याची छाती नसलेला. एप्रिलमध्ये लेक्सिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाचा पहिला गोळीबार होण्याच्या तीन दिवस आधी तो बॉस्टनला गेला आणि मग घरी परतलाच नाही. आधी हॅलिफॅक्स, पुढे इंग्लंड. रिकाम्या वाड्यात बंडखोर सैन्याचा कर्नल जॉन स्टार्क उतरला. जनरल चार्ल्स ली याचाही मुक्काम झाला, त्याने घराचं नाव ठेवलं 'हॉबगॉब्लिन हॉल', आपण भूतबंगला म्हणू तसं काहीसं. नवीन राज्यसरकारने मिळकत जप्त केली. रॉयल १७८१मध्ये इंग्लंडातच वारला.

१७ ऑगस्ट

गुलामांच्या इमारतीचा लाकडी भाग. आडव्या फळ्या एकेक कापून, खालून वर, प्रत्येक फळी खालचीवर किंचित चढवून. पटाशीने टोकं साफ. काम सोपं आहे, म्हणून बोलायला फुरसत मिळाली आणि बेलिंडाचा अर्ज काकांना मोठ्याने वाचून दाखवला.

१४ फेब्रुवारी १७८३ची तारीख. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे एका आफ्रिकन बाईचा अर्ज. सहीच्या जागी फुली, कारण लिहिता येत नव्हतं, मजकूर दुसऱ्या कुणी उतरवून घेतला. अर्जाची सुरुवात आफ्रिकेत, व्होल्टा नदीच्या काठी. बारा वर्षांचीही नव्हते, आईबापांबरोबर देवराईत प्रार्थना करत होते, तेव्हा चंद्रासारख्या चेहऱ्यांची माणसं आली, त्यांची धनुष्यं ढगातल्या गडगडाटासारखी आणि विजेसारखी. मग जहाज, साखळ्या, आणि आयझॅक रॉयलकडे पन्नास वर्षं. आता म्हातारपण, पदरी आजारी मुलगी प्राइन. आणि मग नेमका मुद्दा : या अफाट संपत्तीचा काही भाग माझ्या कष्टाने जमला, सगळीच माझ्या गुलामगिरीने वाढली, आणि कायद्याने मला तिच्यातला एक घासही मिळत नाही.

काकांनी हातातली फळी खाली ठेवली. "हा अर्ज नाही, हिशेब आहे," म्हणाले.

पार्श्वभूमी अशी. रॉयलने १७७८च्या मृत्युपत्रात बेलिंडाला पर्याय दिला होता : माझ्या मुलीकडे जा किंवा स्वतंत्र हो. स्वतंत्र व्हायचं तर अट अशी की ती मेडफर्ड गावावर भार होणार नाही याची हमी हवी. पन्नास वर्षं राबवून घेतल्यावर. योगायोग असा की १७८३मध्येच या राज्यातल्या न्यायालयाने क्वॉक वॉकर खटल्यात गुलामगिरी राज्यघटनेशी विसंगत ठरवली, म्हणजे बेलिंडाच्या अर्जाच्या वर्षीच कायद्याची भिंत पडायला लागली होती.

विधिमंडळाने तिला रॉयलच्या जप्त मिळकतीच्या उत्पन्नातून वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर केले. मी भागाकार करून पाहिला : ३१२ शिलिंग, आठवड्याला बरोबर सहा. आकडा असा का पडला याचं उत्तर त्यातच असावं. पुढे पैसे थकले. तिने पुन्हा अर्ज केला. १७८५, १७८७, १७९०, १७९३, दर थोड्या वर्षांनी तेच. पुढच्या अर्जांत तिचं नाव बेलिंडा सटन असं येतं. सरकारदरबारी मंजूर रकमेसाठी खेटे घालणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तिचा अर्ज अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दलच्या भरपाईच्या मागणीचा एक अगदी आरंभीचा दाखला मानतात. पाटीवर तिला सगळ्यात जास्त जागा द्यायची. काका म्हणाले, वाड्यापेक्षाही? हो.

३० ऑगस्ट

धाकट्या रॉयलच्या मृत्युपत्रातलं दुसरं कलम. थोडी जमीन त्याने हार्वर्ड कॉलेजला ठेवली, वैद्यक किंवा कायद्याच्या प्राध्यापकासाठी. १८१५मध्ये त्यातून कायद्याची रॉयल प्रोफेसरशिप झाली आणि १८१७मध्ये हार्वर्ड लॉ स्कूल सुरू झालं. या शाळेने १९३६मध्ये रॉयल घराण्याच्या चिन्हातल्या तीन गव्हाच्या पेंढ्या आपल्या ढालीवर घेतल्या. ऐंशी वर्षं त्या तिथे होत्या. बहुतेकांना त्या कुणाच्या हे माहीतही नव्हतं. २०१५मध्ये विद्यार्थ्यांनी विषय लावून धरला, मार्च २०१६मध्ये विद्यापीठाने ढाल मागे घेतली, २०२१मध्ये नवीन आली. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झालेल्या एलेना केगन तिथे डीन झाल्या तेव्हा डीनकडे परंपरेने येणारी रॉयलांच्या नावाची खुर्ची त्यांनी घेतली नव्हती.

मंडळातल्या हार्वर्डवाल्या एका मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, पदवीच्या कागदावर बघतो. बघेल.

१४ सप्टेंबर

अंगणाची फरसबंदी पूर्ण. बाभळीच्या शेंगांएवढे तुकडे कापावे लागतील असं काका म्हणत होते, प्रत्यक्षात ते तिळाएवढे निघाले.

घर वाचलं कसं, याची गोष्ट. मिळकत १८०५-०६च्या सुमारास वारसांना परत मिळाली आणि लगेच विकली गेली. पुढे बरीच वर्षं टिड कुटुंब राहिलं. नंतर भाडेकरू, आजूबाजूच्या जमिनीचे प्लॉट, रस्ते. पाचशे एकरांतलं आज काय उरलंय ते जॉर्ज स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उभं राहिलं की कळतं, घराच्या चहूकडे घरं. शतकाच्या वळणावर वाडा वाचवायला पुढे आल्या त्या अमेरिकन क्रांतीतल्या सैनिकांच्या वंशज स्त्रियांच्या संघटनेच्या स्थानिक बायका. त्यातून निघालेल्या रॉयल हाउस असोसिएशनने १९०८मध्ये घर विकत घेतलं. क्रांतिवीरांच्या लेकीसुनांनी पळून गेलेल्या राजनिष्ठाचं घर जपलं, गंमतच. त्यांना हवं होतं ते कोरीव लाकूड आणि जनरल स्टार्कचा मुक्काम. पण दोष देण्यापूर्वी एक लक्षात घ्यावं : त्यांनी शेजारची इमारत पाडली नाही. सभा-व्याख्यानांना वापरली, म्हणून तिचं छप्पर गळलं नाही. १९६०मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

१९९९ ते २००१ या काळात बॉस्टन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी आवारात खोदलं. हजारो वस्तू निघाल्या. चिनीमातीचे महाग तुकडे, बाटल्या, मातीच्या चिलमी. त्यांत एक गोष्ट मला फार आवडली : फुटक्या बशीचे तुकडे घासून गोल केलेल्या सोंगट्या. मालकाची बशी फुटली, तिच्या खापरीचा कुणीतरी खेळ केला. अर्जात नसलेली एक संध्याकाळ त्यात आहे. त्यानंतरच्या काळात संस्थेने आपलं नाव बदलून गुलामांची इमारत त्यात घेतली आणि सांगण्याचा रोख फिरवला. गाइडबाई अर्ध्याहून अधिक वेळ बेलिंडाबद्दल बोलल्या, ते त्यामुळे.

५ ऑक्टोबर

पाट्या. मराठी आणि इंग्रजी. किल्ल्यांच्या पाट्यांसारखीच अक्षरं, तेवढीच उंची.

समितीतल्या एकाचं म्हणणं आलं की दिवाळीच्या प्रदर्शनात एवढं जड कशाला, "वसाहतकालीन वास्तुकलेचा नमुना" एवढं पुरे. मी उत्तर द्यायच्या आत काकांनी छप्पर उचलून आतली स्वयंपाकघरावरची खोली दाखवली. तिथे त्यांनी मला न सांगता पाव इंच रुंदीची अंथरुणं ठेवली होती, कापडाची, कडा दुमडून शिवलेली. म्हणाले, "हे पण वास्तुकलेतच येतं. झोपायची जागा." मजकूर जसाच्या तसा राहिला. 'वास्तुकला' हा शब्द वर वाढवला, सगळे खूश.

प्रतिकृतीत माणसाच्या बाहुल्या ठेवायच्या का यावर बोलणं झालं. किल्ल्यावर मावळे लागतातच, पण इथे नकोत असं माझं मत. रंगवलेल्या बाहुल्यांनी गुलाम दाखवले की ती शोभेची वस्तू होते. नावं लिहिलेली पट्टी अंगणाच्या कडेला लावतोय : बेलिंडा, प्राइन, जोसेफ, हेक्टर आणि क्यूबा. क्यूबा रॉयलांकडून त्यांच्या मुलीबरोबर केंब्रिजच्या व्हॅसल कुटुंबात गेली. ज्यांची नावं माझ्याकडे पक्की आहेत तेवढीच. हेक्टर मेडफर्डला कधी आलाच नाही, म्हणून त्याच्यापुढे अँटिग्वा लिहिलंय.

१२ ऑक्टोबर

सगळं जोडून पाहिलं. वाड्याच्या खोक्याचा सांधा छपराशी अर्धा मिलिमीटर उघडा राहतो, कागदाची पट्टी लावून मिटेल. पश्चिमेच्या चिऱ्यांवर शेवटचा हात मारायचाय, मॅट वार्निश, चकाकी नको. वाचनालयाकडून टेबलाजवळ दिव्याची सोय होतेय. दिवा डावीकडून तिरपा हवा असं कळवलंय, समोरून आला तर खाचा दिसणार नाहीत.

काका पुढच्या कामाचं विचारतात. मेडफर्डमध्येच ग्रोव्ह स्ट्रीटवर पॉम्प नावाच्या गुलाम माणसाने १७६५च्या सुमारास बांधलेली विटांची भिंत उभी आहे, ब्रूक्स कुटुंबाच्या आवाराची. भिंत म्हणजे छप्पर नाही, खिडक्या नाहीत. काका म्हणाले, मग उगाच छापील कागद वापरू नकोस, एकेक वीट लावू. विटांसाठी बीचचं लाकूड चालेल का, की मातीच्या साच्यातून काढाव्यात, हे रविवारी ठरवतोय.